बेसमेंटमधले बाथरूम : पाण्याला ढाळ, हवेला वाट

वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की खाली बेसमेंटमधल्या बेसिनमधून गुडगुड आवाज येतो. त्या बेसिनचा नळ बंद असतो, पाइप नवा असतो, कुठे काही तुंबलेलेही नसते. प्लंबर येऊन लाइनमध्ये स्प्रिंग फिरवून जातो, हाती काहीच लागत नाही. काही दिवसांनी आवाजाच्या जोडीला वास येऊ लागतो. नव्याने काढलेल्या बेसमेंट बाथरूमची ही तक्रार इतकी ठरीव आहे की जाणकार माणूस ती ऐकताच विचारतो, "व्हेंट कुठे नेलाय?"

बेसमेंटमध्ये बाथरूम काढणे हा मुख्यतः उत्तर अमेरिकेतला उद्योग. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते आणि गोठताना फुगते, त्यामुळे घराचा पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. मिनेसोटा राज्याच्या दक्षिण भागात ही खोली ४२ इंच धरतात, उत्तरेत ६० इंच. एवढे खणायचेच आहे तर आणखी थोडे खणून आख्खा मजलाच पदरात पाडून घेतला जातो. सुरुवातीला तिथे पाण्याचा हीटर, घर तापवायचे यंत्र आणि अडगळ असते. पुढे कधीतरी ती जागा राहती करायचे ठरते. न्यू जर्सीत किंवा टोरोंटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांत भारतातून येणारे नातेवाईक हे त्याचे एक नेहमीचे निमित्त. मग टाइल्स, शॉवरची काच आणि आरसा आधी पसंत होतो आणि जमिनीखालच्या पाइपांचा प्रश्न ठेकेदारावर सोडला जातो. हा क्रम उलटा हवा. बेसमेंटमध्ये कमोड कुठे बसणार हे नकाशावर कमी आणि जमिनीखालच्या एका पाइपाच्या खोलीवर जास्त ठरते.

ट्रॅपमधले दोन इंच पाणी

बेसिनखाली वळण घेतलेला पाइप दिसतो, तो ट्रॅप. वळणात पाणी साठून राहते आणि पलीकडच्या गटारातला वायू घरात यायचा अडतो. शॉवरच्या जाळीखालीही असाच ट्रॅप असतो. कमोडचा ट्रॅप त्याच्या चिनी मातीतच घडवलेला असतो. अमेरिकेतल्या नियमांनुसार साध्या ट्रॅपमधले हे पाणी किमान २ इंच आणि जास्तीत जास्त ४ इंच खोल असावे लागते. घर आणि गटार यांच्यामध्ये एवढाच काय तो पडदा.

हा पडदा किती नाजूक आहे ते आकड्यांत पाहता येते. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब सुमारे ३४ फूट उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. दोन इंच म्हणजे त्याचा जेमतेम दोनशेवा भाग. पाइपातल्या हवेचा दाब अर्ध्या टक्क्याने जरी खाली आला, तरी ट्रॅपमधले पाणी पलीकडे ओढले जाऊन वाट मोकळी होते. म्हणूनच ट्रॅपवर एक इंच पाण्यापेक्षा जास्त दाबफरक येऊ द्यायचा नाही, अशी मर्यादा प्लंबिंगच्या नियमांत घातलेली असते.

दाबफरक निर्माण करते ते पडणारे पाणी. उभ्या पाइपातून पाणी खाली येताना सोबत हवा ओढून नेते, त्यामुळे मागे पोकळी तयार होते आणि ती जवळच्या ट्रॅपमधून हवा खेचते. गुडगुड ऐकू येते ती हीच हवा. खाली पोचल्यावर उलटा प्रकार होतो. उभा पाइप आडवा होतो तिथे पाण्याचा वेग एकदम मोडतो, पाणी फुगून उभे राहते आणि पुढची हवा दाबली जाते. ही दाबलेली हवा ट्रॅपमधल्या पाण्याला घराच्या बाजूने ढकलते. म्हणजे वरच्या मजल्याच्या बाथरूमला सहसा खेच सोसावी लागते, तर बेसमेंटच्या बाथरूमला खेच आणि दाब दोन्ही. कारण घराचा मुख्य उभा पाइप आडवा होतो तो नेमका बेसमेंटच्या फरशीखाली. या जागेला टेकून नवी शाखा जोडायची नसते. काही नियमावल्या मुख्य पाइपाच्या व्यासाच्या दहापट अंतर सोडायला सांगतात, म्हणजे ३ इंची पाइप असेल तर ३० इंच आणि ४ इंची असेल तर ४० इंच.

तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल डुबूक-डुबूक करत, अडखळत पडते. समोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक पाडले की सरळ धार लागते. व्हेंट म्हणजे हे दुसरे भोक. ट्रॅपच्या पुढे, पाणी आडव्या पाइपात शिरल्यावर, तिथूनच एक पाइप वर काढून छपराबाहेर उघड्यावर नेतात. पाणी जाताना हवी तेवढी हवा तिकडून येते, दाबली गेलेली हवा तिकडूनच सुटते आणि ट्रॅपला हात लागत नाही.

पहिला आकडा : बाहेर जाणारा पाइप किती खोल?

घरातले सगळे मैलापाणी ज्या पाइपातून रस्त्याच्या लाइनकडे जाते तो फरशीच्या खाली आहे की वर, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. जुन्या घरांत हा पाइप कधीकधी बेसमेंटच्या भिंतीतून कमरेएवढ्या उंचीवर बाहेर पडताना दिसतो. घरामागे सेप्टिक टाकी असेल तर असे बरेचदा आढळते. मग कमोडचे पाणी आपोआप जाणार नाही, ते पंपाने चढवावे लागेल. मोठा पाइप फरशीत शिरून दिसेनासा होत असेल तर आशा आहे, पण एवढ्यावर भागत नाही. फरशीवर आधीपासून एखादी जाळी आहे म्हणून खाली ड्रेनेज आहे असेही धरता येत नाही. ती जाळी पायाभोवतीच्या पावसाळी पाण्याच्या नळीला किंवा साध्या पाण्याच्या खड्ड्याला जोडलेली असू शकते आणि तिथे मैलापाणी सोडणे बेकायदा असते.

खोली मोजण्याचा सरळ मार्ग म्हणजे साफसफाईचे झाकण, अर्थात क्लीनआउट, उघडून टेप आत सोडणे किंवा लाइनमध्ये कॅमेरा घालणे. त्यानंतर साधे अंकगणित. समजा कमोडपासून मुख्य लाइनपर्यंतचे अंतर २४ फूट आहे. काँक्रीटची जाडी आणि कमोडखालचे वळण धरून कमोडच्या टोकाला पाइपाचा तळ फरशीपासून १० इंच खाली येतो असे मानू. आडव्या पाइपाला फुटाला पाव इंच, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत दोन सूत, ढाळ द्यायचा तर २४ फुटांत ६ इंच लागतात. मुख्य लाइनपाशी पोचेपर्यंत पाइपाचा तळ १६ इंचांवर जातो. मुख्य लाइन तिथे १६ इंच किंवा त्याहून खोल असेल तर काम साधते. ती १४ इंचांवर असेल तर दोन वाटा उरतात : कमोड मुख्य लाइनच्या जवळ सरकवायचा, किंवा स्थानिक नियम परवानगी देत असतील तर ३ इंची पाइपाला फुटाला एकच सूत ढाळ द्यायचा. तेव्हा २४ फुटांत ३ इंचच जातात आणि पाइप १३ इंचांवर पोचतो.

जास्त ढाळ दिला तर पाणी पुढे पळते आणि मळ मागे राहतो, असे सर्रास सांगितले जाते. मुख्य आडव्या लाइनच्या बाबतीत ही भीती अंमळ वाढवून सांगितलेली आहे. उभ्या पाइपातून तर सगळे एकत्रच खाली येते. ढाळ जास्त झाल्याचा खरा फटका बसतो तो ट्रॅप आणि व्हेंट यांच्यामधल्या छोट्या तुकड्यात. हा तुकडा एवढा उतरता झाला की त्याचे व्हेंटकडचे टोक ट्रॅपच्या पातळीखाली गेले, तर पाइप पाण्याने गच्च भरतो, व्हेंटचे तोंड बुडते आणि वाहून जाणारे पाणीच ट्रॅपमधले पाणी खेचून नेते. म्हणून नियम असा की या तुकड्यातला एकूण उतार पाइपाच्या व्यासापेक्षा जास्त नको. फुटाला पाव इंच उताराने दीड इंची पाइप ६ फुटांत आणि दोन इंची पाइप ८ फुटांत ही मर्यादा गाठतो. अमेरिकेतल्या बहुसंख्य राज्यांत घरांसाठी वापरल्या जाणाऱ्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमध्ये ट्रॅपपासून व्हेंटपर्यंतची कमाल अंतरे हीच दिली आहेत. कॅलिफोर्नियासारख्या पश्चिमेकडच्या राज्यांत चालणारा युनिफॉर्म प्लंबिंग कोड अधिक कडक आहे. तिथे याच पाइपांना साडेतीन आणि पाच फूटच मिळतात. कॅनडाची नियमावली वेगळीच. कमोड मात्र या उताराच्या नियमातून सुटतो, कारण त्याचा ट्रॅप दर फ्लशला रिकामा होण्यासाठीच बनवलेला असतो आणि टाकीतले पाणी तो लगेच पुन्हा भरते.

चौकट : नेहमी लागणारी मापे
कमोडचा पाइप किमान ३ इंच, शॉवरचा २ इंच. बेसिनला दीड इंच चालतो, पण त्याच पाइपाला व्हेंटचे कामही करायचे असेल तर २ इंच घालावा. कमोडच्या पाइपाचे केंद्र तयार भिंतीपासून १२ इंच, दोन्ही बाजूंना किमान १५ इंच मोकळे. ही मापे अमेरिकेतल्या घरांसाठीची आहेत. काम सुरू करण्यापूर्वी गावची नियमावली पाहावीच लागते.

एका व्हेंटवर तिघांची सोय

कमोड, शॉवर आणि बेसिन या तिघांना तीन स्वतंत्र व्हेंट द्यायचे तर भिंती पोखरून निघतील. यावरचा तोडगा म्हणजे ओला व्हेंट. बेसिनचा पाइप २ इंची घेऊन भिंतीतून खाली फरशीत उतरवतात आणि बेसिन जिथे जोडले जाते तिथून तोच पाइप वर व्हेंट म्हणून चालू ठेवतात. खाली, फरशीखालच्या आडव्या भागात, शॉवर आणि कमोडच्या शाखा त्याला येऊन मिळतात. बेसिनमधून पाणी फार थोडे जाते, त्यामुळे त्या पाइपाचा बराचसा पोकळ भाग हवेसाठी मोकळा राहतो आणि शॉवर व कमोड त्यातूनच श्वास घेतात. कमोड शेवटी, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाला जोडणे चांगले. युनिफॉर्म कोडमध्ये ते सक्तीचेच आहे. मात्र ही सवलत बाथरूममधल्या उपकरणांपुरती आहे. कपडे धुण्याचे यंत्र किंवा किचन सिंक या पाइपाला जोडले की ओला व्हेंट फसतो.

वर निघालेला व्हेंट पुढे कुठे न्यायचा, इथे सर्वांत जास्त गफलती होतात. बेसमेंटच्या छताला दिसणारा कुठलाही जवळचा पाइप पकडून त्यात व्हेंट जोडून टाकला जातो. तो पाइप वरच्या किचनचे पाणी वाहून आणणारा असेल तर तो व्हेंट नव्हेच. किचनमधून उष्टे-खरकटे पाणी सुटले की ते हवेच्या वाटेत उतरणार. जुन्या व्हेंटला नवा जोडायचा तर तो जोड त्या पाइपावरच्या सर्वांत उंच उपकरणाच्या काठापेक्षा किमान ६ इंच वर लागतो. किचनच्या सिंकचा काठ ३६ इंचांवर असेल, तर पहिल्या मजल्याच्या जमिनीपासून ४२ इंचांवर, भिंतीच्या आत. यामागचे कारण व्यवहारी आहे. लाइन तुंबली तर पाणी आधी सिंकमधून वर येऊन दिसावे, गुपचूप व्हेंटमध्ये शिरू नये. व्हेंटचे आडवे तुकडेही किंचित उतारावरच ठेवतात, म्हणजे आत ठिबकलेले पाणी परत ड्रेनेजकडे जाते.

बऱ्याच नव्या घरांत बिल्डरने फरशीतून तीन पाइप वर काढून ठेवलेले असतात आणि छताजवळ एक बंद केलेला व्हेंट. मोठा पाइप कमोडचा, चौकोनी खळग्यातला शॉवरचा, भिंतीलगतचा बेसिनचा. हे ओळखताना एका चौथ्या पाइपापासून सावध राहावे. जमिनीतला रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू फरशीखालून काढून छपराबाहेर सोडणारा पाइपही दिसायला तसाच असतो. त्यात सांडपाणी किंवा व्हेंट जोडायचा नसतो.

एकाच दिशेने उघडणारी झडप

छपरापर्यंत जाणे फारच अवघड असेल तर एअर अॅडमिटन्स व्हॉल्व्ह नावाची छोटी झडप वापरतात. पाइपात खेच निर्माण झाली की तिची रबरी चकती उचलली जाते आणि खोलीतली हवा आत जाते. खेच थांबली की चकती आपल्या वजनाने बसते आणि वास अडतो. झडप स्वस्त आहे, चांगली चालतेही. पण ती हवा आत घेते, बाहेर सोडत नाही. मुख्य पाइपाच्या पायथ्याशी हवा दाबली जाते तेव्हा तिचा काही उपयोग नाही. शिवाय रबर कधीतरी थकते, म्हणून ती हाताला येईल अशाच जागी हवी, टाइलमागे चिणलेली नको. युनिफॉर्म कोड पाळणाऱ्या भागांत ती सहसा मान्य होत नाही.

पाणी वर चढवायचे तर

बाहेरचा पाइप उंचावर असेल तर फरशीत खड्डा घेऊन त्यात प्लास्टिकची टाकी बसवतात, किमान १८ इंच व्यासाची आणि २४ इंच खोल. कमोड, शॉवर आणि बेसिनचे पाणी उताराने तिच्यात येते. पातळी ठरावीक उंचीवर आली की तरंगता गोळा पंप चालू करतो आणि मैलापाणी छताजवळच्या लाइनमध्ये चढते. कमोडसाठीचा पंप २ इंच आकाराचा घन मळ सोडू शकणारा असावा लागतो. त्याचा बाहेर जाणारा पाइपही २ इंची. वर चढलेले पाणी परत टाकीत घसरू नये म्हणून एक उलटबंद झडप आणि दुरुस्तीच्या वेळी बंद करायला दुसरी झडप लागते.

टाकीचे झाकण हवाबंद असते आणि तिला स्वतःचा व्हेंट लागतो. पाणी येते तेव्हा टाकीतली हवा बाहेर पडायला हवी, पंप ओढतो तेव्हा आत यायला हवी. हवेची ये-जा दुतर्फा असल्यामुळे एका दिशेची झडप इथे चालतच नाही. पाइप उघड्यावरच न्यावा लागतो. बेसमेंटमध्ये भूजल उपसणारा दुसरा पंप बहुधा आधीच असतो. त्याच्या खड्ड्यात मैलापाणी सोडणे हा पैसे वाचवण्याचा सर्वांत महाग मार्ग आहे. तो खड्डा उघडा असतो, पंप बारीक असतो आणि त्याचे पाणी बहुधा अंगणात जाते. वीज गेली की मैल्याचा पंप बंद. वरची बाथरूम्स चालू राहतात, खालचे मात्र थांबवावे लागते. टाकी भरत आली की वाजणारी घंटा म्हणूनच बसवून घ्यावी.

फरशी फोडायचीच नसेल तर कमोडच्या मागे बसणारा, मळ दळून बारीक पाइपातून वर ढकलणारा पंप मिळतो. फ्रान्समध्ये १९५० च्या दशकात निघालेली ही युक्ती एका पाहुण्याच्या वापराला ठीक आहे. आवाज सोसावा लागतो, आणि कमोडमध्ये कागदाखेरीज काही टाकायचे नाही हे प्रत्येक पाहुण्याला सांगावे लागते.

रस्त्यावरून उलटे येणारे पाणी

मुसळधार पावसात रस्त्याखालची लाइन काठोकाठ भरली की पाणी घरांकडे मागे फिरते. ते सर्वांत खालच्या तोंडातून वर येते, म्हणजे बेसमेंटच्या शॉवरच्या जाळीतून. म्हणून रस्त्याच्या लाइनवर प्रवाहाच्या वरच्या अंगाला असलेल्या नजीकच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली असलेल्या उपकरणांना बॅकवॉटर व्हॉल्व्ह सक्तीचा असतो. त्यातले दार बाहेर जाणाऱ्या पाण्याने उघडते आणि उलट्या पाण्याने मिटते. हा व्हॉल्व्ह जमेल तिथे बेसमेंटच्या शाखेवरच बसवावा, सगळ्या घराच्या लाइनवर नको. तो मिटलेला असताना वर कोणी आंघोळ केली तर ते पाणी बाहेर जाऊ शकत नाही आणि घरच्याच पाण्याने घरचे बेसमेंट भरते. शिकागोच्या परिसरात पावसाचे आणि मैल्याचे पाणी पुष्कळ ठिकाणी एकाच लाइनमधून जाते. तिथे काही घरमालक याच्याही पुढे जातात. वरच्या मजल्यांची सगळी लाइन उचलून बेसमेंटच्या छताला टांगतात आणि फक्त खालचे पाणी पंपाने तिच्यात चढवतात.

जाळी हवी की नको

भारतीय सवयीने बाथरूमची जमीन पाणी ओतून धुवायची असेल तर फरशीत जाळी लागते. अमेरिकी घरांच्या बाथरूममध्ये ती सहसा नसते, मुद्दाम मागावी लागते. तिच्या ट्रॅपमधले पाणी मात्र वापराअभावी काही आठवड्यांत आटते. याचे परिणाम वासापुरते राहतीलच असे नाही. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अॅमॉय गार्डन्स इमारतींत तीनशेहून अधिक लोकांना सार्सची लागण झाली, तेव्हा कोरड्या पडलेल्या फरशीच्या ट्रॅपमधून विषाणू घरांत शिरल्याचा निष्कर्ष तपासातून पुढे आला. उपाय दोन. महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल सोडावे, तेलाच्या थरामुळे बाष्पीभवन मंदावते. किंवा नळाच्या लाइनमधून ट्रॅपमध्ये थोडे थोडे पाणी सोडणारा प्रायमर बसवावा. दुसरा मार्ग निवडला तर त्याची बारीक नळी काँक्रीटखाली आधीच टाकावी लागते.

फरशी फोडल्यानंतर

बेसमेंटची फरशी साधारण ४ इंच जाड असते. ती करवतीने कापून चर खणतात. चर पायाच्या पट्टीला समांतर आणि तिच्या बुडाखाली जात असेल तर थांबावे. पायाच्या बुडापासून ४५ अंशांनी खाली उतरणाऱ्या रेषेच्या आतली माती घराचे वजन पेलत असते. कमोडचे १२ इंच मोजतानाही चूक होते. माप तयार भिंतीपासून धरायचे असते, पण काम चालू असताना समोर फक्त उघडी काँक्रीटची भिंत असते. पुढे तिच्यावर लाकडी सांगाडा आणि बोर्ड चढून चार-पाच इंच जातात. तेवढे आधी मिळवले नाहीत तर कमोड भिंतीत घुसतो. आडव्या वळणांना काटकोनी टी चालत नाही, तिरकी वाय किंवा लांब वळणाचा बेंड लागतो. पांढऱ्या पीव्हीसी पाइपाचा आणि काळ्या एबीएस पाइपाचा चिकटद्रव निराळा असतो, तो आलटून पालटून चालत नाही.

पाइप जोडून झाल्यावर सगळी तोंडे बंद करून लाइन पाण्याने भरतात आणि पंधरा मिनिटे पातळी पाहतात. ती हलली नाही आणि नगरपालिकेच्या निरीक्षकाने मान्यता दिली की प्रत्येक वळणाजवळ टेप धरून फोटो काढून ठेवतात. मग पाइपाभोवती दगड नसलेली वाळू दाबून भरायची, फरशीखालचा कापलेला प्लास्टिकचा कागद सांधायचा, काँक्रीट ओतायचे आणि रेडॉन आत येऊ नये म्हणून जुन्या-नव्या काँक्रीटमधली फट सीलंटने बुजवायची. टाइल्सचे काम त्यानंतर सुरू होते.